दुखण्याची गोळी सुटतच नाही, तेव्हा नेमकं काय करायचं

घरात कोणाला कंबरेची, गुडघ्याची किंवा ऑपरेशननंतरची गोळी महिनोन्महिने चालू असेल तर पुढचं वाचायच्या आधी उठा आणि ती स्ट्रिप घेऊन या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असते, कंपनीचं मोठं नाव नाही, त्याच्या खालचं. तिथे ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन असं काही दिसलं तर ती साधी पेनकिलर नाही. हे ओपिऑइड आहे, म्हणजे मेंदूत अफू जिथे जाऊन बसते तिथेच बसणारं औषध. फेंटानिलची चिकटवायची पट्टी येते आणि पेंटाझोसिनचं बहुतेक इंजेक्शन असते, तीही याच घराण्यातली. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा नुसतं पॅरासिटामॉल असेल तर तो विषय वेगळा, त्याने किडनी, पोट, लिव्हर बिघडू शकते पण मी जे सांगून राहिली ते व्यसन त्याने लागत नाही.

स्ट्रिपवर लाल रंगात आरएक्स किंवा एनआरएक्स लिहिलेलं असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसते. ट्रामाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस कायद्यात आहे, तोच कायदा जो गांजा-अफू-गर्दला लागतो. हे मला माहीतच नव्हतं आणि मी सव्वा वर्ष माझ्या आईसाठी ही गोळी स्वतः जाऊन आणून राहिली होती. कॉलनीतल्या औषधाच्या दुकानात जायचं, रिकामी स्ट्रिप दाखवायची, दोन स्ट्रिपा पिशवीत. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही दिली नाही. म्हणून हे लिहायला बसली, कारण आमच्यासारखी घरं भरपूर आहेत जिथे कोणी नशा करत नाही, कोणी वाया गेलेलं नाही, आणि तरी एक माणूस गोळीत अडकलेलं आहे.

आमचं कसं कळलं ते सांगते म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. आई एकसष्ट वर्षांची, मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दहा दिवसांची गोळी लिहून दिली, एका गोळीत साडेसदतीस मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दहा दिवसांनी दुखणं होतंच म्हणून चालू राहिली, मग दोनाच्या तीन, तीनाच्या पाच, आणि शेवटी दिवसाला आठ. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या महाल भागात मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जा म्हणून काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, निघाली होती, आमच्या भागातली दुकानं बंद, रस्ते जाम, आणि स्ट्रिप आदल्या दुपारीच संपलेली. सकाळपासून आईला जांभयांवर जांभया, नाक वाहून राहिलं, डोळ्यातून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा आणि हगवण, पाय इतके अस्वस्थ की एका जागी ठेवता येईना. आम्हाला वाटलं व्हायरल आहे. बाहेर लोक ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत होते आणि आई पलंगावर रडत होती. संध्याकाळी एक दुकान उघडं भेटलं, गोळ्या आणल्या, तिने दोन घेतल्या आणि तासाभरात सगळं गायब, जेवायलासुद्धा बसली. व्हायरल असा तासाभरात जात नसतो.

याला विथड्रॉवल म्हणतात. आपल्या शरीरात दुखणं दाबणारी स्वतःची रसायनं असतात, एंडॉर्फिन. बाहेरून रोज तयार माल येऊन राहिला की मेंदू त्या हिशोबाने स्वतःला जुळवून घेतो, मग तेवढ्याच गोळीने भागत नाही म्हणून डोस वाढतो, आणि गोळी थांबली की इतके दिवस दाबलेलं सगळं एकदम उसळते. पोट, झोप, नाक, घाम, मन, सगळं. ट्रामाडॉलसारख्या औषधात साधारण अर्ध्या-एका दिवसात सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि आठवडा-दहा दिवसात शारीरिक त्रास बराच कमी होतो, झोप आणि मन मात्र त्यापुढेही त्रास देते. ट्रामाडॉलचा एक जास्तीचा भाग असा की ते डिप्रेशनच्या काही औषधांसारखंही काम करते, त्यामुळे अचानक बंद केलं तर काहींना जबरदस्त घाबरल्यासारखं होते, हातापायाला मुंग्या येतात, कधीकधी भास होतात. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा झाली. बाधा नाही, गोळी आहे.

एक फरक नीट समजून घ्या, कारण आमच्या घरात यावरूनच भांडण झालं. शरीराला सवय होणं म्हणजे व्यसन नाही. कोणीही काही आठवडे ही गोळी रोज घेतली तर बंद केल्यावर थोडाफार त्रास होऊ शकतो, अगदी डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे घेतली तरी. व्यसन तेव्हा म्हणायचं जेव्हा गोळी माणसाला चालवायला लागते. ठरवल्यापेक्षा जास्त घेतली जाते, कमी करायचं ठरवून जमत नाही, डोक्यात दिवसभर पुढच्या गोळीचा हिशोब असतो, त्रास होऊन राहिला हे दिसूनही सुटत नाही. आईच्या बाबतीत मला नंतर एकेक आठवायला लागलं. देवघराच्या ड्रॉवरमध्ये वेगळी स्ट्रिप. भाचीच्या लग्नाला चंद्रपूरला जायचं होतं तर साड्यांच्या आधी गोळ्या मोजल्या. धंतोलीच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी आणि रामदासपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरांची एक, दोघांना एकमेकांचं माहीत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांशी वाद झाला, कोणाची आठवण आली, झोप आली नाही, तरी गोळी. तेव्हा कंबर दुखत नव्हती. याशिवाय दुपारी बसल्या बसल्या पेंगणं, महिन्यांचं बद्धकोष्ठ आणि त्यासाठी रोज इसबगोल, भूक नाही. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, खूप दिवस ओपिऑइड घेतलं तर कधीकधी त्यानेच दुखणं वाढते, नसा जास्त चिडक्या होतात, माणूस म्हणतो दुखते म्हणून घेतो आणि घेतो म्हणून जास्त दुखते.

आता काय करायचं नाही ते आधी, कारण घाबरलेलं घर पहिल्या दिवशी याच चुका करते.

गोळ्या एकदम फेकून देऊ नका. मी दिल्या होत्या, कचऱ्याच्या गाडीत, आणि दुसऱ्या रात्री आईची हालत पाहून स्वतः परत आणून दिल्या. त्याने काय झालं, तर ही सुटत नसते यावर तिचा पक्का विश्वास बसला आणि माझ्यावरचा उडाला. वयस्क माणूस, बीपी-शुगर-हार्टचा पेशंट, गरोदर बाई, यांनी तर मनाने अजिबात बंद करायची नाही. खोलीत कोंडायचं नाही, पैसे आणि मोबाईल काढून घ्यायचा नाही. भिंतीवर जाहिरात असते ना, पेशंटला न सांगता भाजीत टाका आणि नशा सोडवा, ती पावडर आणायची नाही, त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसते आणि माणसाला न सांगता औषध देणं हे चूकच आहे. गोळीऐवजी झोपेची गोळी किंवा संध्याकाळी थोडी दारू, हा उपाय तर जीव घेऊ शकतो. ओपिऑइडसोबत दारू, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यासाठी देतात ती प्रीगाबालिन, हे सगळं श्वास मंद करते, आणि दोन मिळून झाले की झोपेतच श्वास थांबू शकतो.

आणि चिडू नका. मला माहीत आहे सोपं नाही. मी आईला सरळ म्हटलं होतं की तुला व्यसन लागलं आहे, ती म्हणाली, ‘मी काय गर्दुल्ली आहे का, तूच तर आणून देतेस.’ बरोबरच होतं तिचं. नंतर वहिनीने जे केलं ते कामाचं निघालं. ती भांडे घासता घासता म्हणाली, आई, मारबतीच्या दिवशी तुम्हाला जे झालं ना ते गोळी न भेटल्यामुळे झालं होतं, ते परत होऊ नये म्हणून आपण डॉक्टरला विचारून येऊ, गोळी आज कोणी बंद करून नाही राहिलं. शेवटच्या वाक्याने आई तयार झाली. अडकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती असते ती त्या त्रासाची, त्यामुळे पहिल्या दिवशी एवढंच बोला, गोळी हिसकावणार नाही, डॉक्टरकडे सोबत येतो. बोलायची वेळ सकाळची, गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने, माणूस शांत असताना.

कुठे जायचं? मानसोपचार तज्ज्ञाकडे, म्हणजे सायकियाट्रिस्टकडे. ज्या हाडाच्या डॉक्टरांनी गोळी लिहिली त्यांना सांगाच पण सोडवायचं काम यांचं आहे. नागपुरात मेडिकलमध्ये (औषधाचं दुकान नाही, मेडिकल चौकातलं सरकारी मेडिकल कॉलेज), मेयोमध्ये आणि मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, एम्सला जायचं तर खापरीपर्यंत मेट्रो आहे आणि पुढे ऑटो. प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच, आणि पागलखाना हे नाव लोकांच्या तोंडातून जात नाही म्हणून कितीतरी जण तिथली पायरी चढत नाहीत. तिथली ओपीडी साध्या ओपीडीसारखीच असते. केस पेपर काढायचा, बाकावर बसायचं, नंबर आला की आत जायचं. गर्दी असते म्हणून सकाळी लवकर जा आणि डबा, पाणी सोबत ठेवा, उन्हाळ्यात तर नक्कीच. परवडत असेल तर खाजगी सायकियाट्रिस्टही भरपूर आहेत. लगेच जाता येत नसेल, रात्रीचे दोन वाजले असतील, तर १४४१६ वर फोन करा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी वेगळी सरकारी हेल्पलाइन १४४४६.

जाताना सगळ्या स्ट्रिपा न्या, रिकाम्यासुद्धा. ऑपरेशनचे कागद, शुगर-बीपीच्या चिठ्ठ्या, आणि एका कागदावर खरा आकडा लिहून न्या की दिवसाला किती आणि किती वाजता. आकडा कमी सांगू नका. आईने डॉक्टरांसमोर चार सांगितले, मी मान खाली घालून बसली, मग तीच हळू आवाजात आठ म्हणाली. डॉक्टर काहीच बोलले नाहीत, नुसतं लिहिलं आणि म्हणाले, ‘बरं झालं काकू सांगितलं, नाहीतर चाराच्या हिशोबाने औषध दिलं असतं आणि तुम्हाला त्रास झाला असता.’ मग हिशोब करून दाखवला. आठ गोळ्या म्हणजे ३०० मिलिग्रॅम ट्रामाडॉल. अशाच बारा झाल्या असत्या तर ४५० झालं असतं, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची ४०० ची मर्यादा ओलांडली, आणि तिथून फीट यायचा धोका बराच वाढतो. सोबत त्याच बारा गोळ्यांतून पॅरासिटामॉल ३९०० मिलिग्रॅम, म्हणजे चार ग्रॅमच्या मर्यादेला टेकलं, वरून तापासाठी एखादी गोळी घेतली की लिव्हर गेलं. डिप्रेशनची किंवा नसांच्या दुखण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, ट्रामाडॉलचं त्यातल्या काहींशी जुळत नाही.

पोलिसांची भीती लोकांना असते, काहून की कायदा एनडीपीएस. डॉक्टर पेशंटचं नाव पोलिसांना कळवत बसत नाहीत, मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे आणि दारू-ड्रग्जमुळे होणारा त्रास त्या कायद्यात आजार म्हणून धरलेला आहे. एनडीपीएसमध्येही कलम ६४अ आहे, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या मालाच्या केसमध्ये खटल्यापासून त्यात संरक्षण आहे. उपचार पूर्ण करायला लागतात, एवढी अट.

उपचार दोन-तीन तऱ्हेचे असतात आणि कोणता ते डॉक्टर ठरवतात. एक म्हणजे हळूहळू कमी करणं. आईचं असंच केलं, दर आठवड्याला अर्धी गोळी कमी, गोळ्यांचा डबा वहिनीकडे, आणि एखाद्या आठवड्यात फार त्रास झाला तर तिथेच थांबायचं पण परत वर जायचं नाही. चार महिन्यांच्या वर लागले. मधल्या त्रासाला पोटाचं, झोपेचं वेगळं औषध होतं. दुसरं, व्यसन खोल असेल, डोस फार मोठा असेल किंवा गोळी विरघळवून शिरेतून घेणं सुरू झालं असेल तर ब्युप्रेनॉर्फिन देतात, जिभेखाली ठेवायची गोळी. नातेवाईक म्हणतात एक नशा सोडवून दुसरी लावली. तसं नाही. ती मेंदूतली तीच जागा धरून ठेवते म्हणून तलफ आणि त्रास थांबतो, पण तिचा जोर एका मर्यादेच्या वर जात नाही, माणूस कामावर जातो, घर सांभाळतो, आणि कित्येकांना ती महिनोन्महिने, वर्षानुवर्षेही लागते. बीपीची गोळी वर्षानुवर्षे घेतो तेव्हा आपण असं बोलत नाही ना. फक्त ती विथड्रॉवल सुरू झाल्यावरच पहिल्यांदा देतात, आधी घेतली तर उलट त्रास उसळतो, म्हणून कोणाकडून मागून घरी प्रयोग करू नका. तिसरी नाल्ट्रेक्सोन, ती सगळं सुटून आठवडा-दहा दिवस झाल्यावर, परत घेतलं तरी चढू नये म्हणून. शिरेतून घेणाऱ्यांनी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सीच्या तपासण्या करून घ्याच, लाजू नका.

यासोबत मूळ दुखण्याचं काय? हा प्रश्न डॉक्टरला विचाराच, नाहीतर तीच गोळी परत येते. आईला फिजिओथेरपी लावली, रोज वीस मिनिटं व्यायाम, शेक, आणि सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. दुखणं शून्य झालं नाही. पण ऑपरेशनआधीचं दुखणं दहा धरलं तर आता तीन-चार असते असं ती म्हणते, आणि गोळ्या आठ चालू होत्या तेव्हा सहा-सात होतं.

कॅन्सरच्या घरांसाठी वेगळं सांगते, आणि हे मनापासून. वर जे लिहिलं ते वाचून कोणी घरातल्या कॅन्सर पेशंटची मॉर्फिन बंद करू नका. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किंवा कुठेही डॉक्टरांनी त्या दुखण्यासाठी दिली असेल तर ती द्यायचीच, वेळेवर द्यायची, व्यसन लागेल म्हणून माणसाला तळमळत ठेवणं फार वाईट. शंका आली तर त्याच डॉक्टरला विचारा.

व्यसनमुक्ती केंद्रात भरती करायची वेळ आली तर आधी स्वतः जाऊन पाहा. सायकियाट्रिस्ट येतात का, किती दिवसांनी येतात, केंद्राची मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, पेशंटशी फोनवर बोलू देतात का. तीन महिने भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो असं जे बोलतात तिथे माणूस ठेवू नका. पुण्याचं मुक्तांगण, अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, त्याच्या कामाबद्दल मराठीत पुष्कळ वाचायला भेटते, चांगल्या केंद्रात माणसाशी कसं वागतात याचा अंदाज घ्यायला ते वाचा.

धोका कधी समजायचा ते घरातल्या सगळ्यांनी पाठ करा. माणूस हलवून उठत नाही, श्वास फार हळू किंवा अडकून अडकून, घशातून घरघर, ओठ-नखं निळसर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. लगेच १०८. एका कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही, आणि अँब्युलन्स येईपर्यंत जवळून हलू नका, नाव घेऊन उठवत राहा. श्वास थांबलाच तर १०८ वाल्यांना तसं सांगा आणि ते सांगतील तसं तोंडाने श्वास आणि छाती दाबणं सुरू करा. लिंबूपाणी, मिठाचं पाणी काही पाजू नका. काय घेतलं आहे ते डॉक्टरला खरं सांगा, ओपिऑइडवर नालोक्सोन नावाचं उलट औषध असते आणि ते वेळेत भेटलं तर माणूस परत येतो. फीट आली तर चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, आजूबाजूचं सामान बाजूला करा आणि झटके थांबले की कुशीवर करा.

हा धोका सगळ्यात जास्त कधी असतो माहीत आहे? सुटल्यानंतर. दोन महिने बंद राहिल्यावर शरीर जुना डोस विसरलेलं असते, आणि माणूस एखाद्या वाईट दिवशी पहिल्याएवढ्याच गोळ्या घेतो. म्हणून परत घेतली गेली तर रागवू नका, लपवायला लावू नका, आधी किती घेतली ते विचारा आणि डॉक्टरला फोन करा. बहुतेकांचं एका फटक्यात सुटत नाही, आईचंही मध्ये दोनदा झालं, दिवाळीत एकदा आणि मामा गेले तेव्हा एकदा. दोन्ही वेळा तिने दुसऱ्या दिवशी स्वतः वहिनीला सांगितलं.

गोळी पूर्ण सुटली की घरातल्या उरलेल्या गोळ्या स्ट्रिपांतून काढून चहाच्या चोथ्यात कालवून कचऱ्यात टाका, देवघर, मसाल्याचा डबा, जुन्या पर्सा सगळं तपासा पण त्या माणसाला सोबत घेऊन. कॉलनीतल्या दुकानात मी स्वतः जाऊन सांगितलं की आमच्या घरी ही गोळी आता चिठ्ठी असली तरी मला फोन केल्याशिवाय द्यायची नाही. आणि पुढे कोणताही डॉक्टर असो, दाताचा असो की डोळ्याचा, त्याला आधी सांगायचं. मागच्या महिन्यात आईच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, डॉक्टर चिठ्ठी लिहून राहिले होते तर आई खुर्चीतूनच म्हणाली, ‘ट्रामाडॉलवालं काही लिहू नका, माझं मोठ्या मुश्किलीने सुटलं आहे.’ त्यांनी एक ओळ खोडली आणि दुसरं औषध लिहिलं.